खात्रीरावांचा पिवळा दिवा

आमची नात जन्मली तेव्हा दवाखान्यात सगळे बाळाचं तोंड बघत होते आणि आमचे व्याही बाळाच्या मनगटावरची पट्टी वाचत होते.

"नाक आमच्याच घरातलं आहे, त्याबद्दल वाद नाही," ते नर्सबाईंना म्हणाले. "पण पट्टीवरचा नंबर आणि खाटेवरचा नंबर एकदा जुळवून दाखवा."

नर्सबाईंनी जुळवून दाखवला. तर म्हणतात, "छान. आता दुसऱ्या नर्सला बोलवा. खात्री केलेली बरी."

माझी लेक त्या अवस्थेतही पोट धरून हसली. हे तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही. आईबापांनी त्यांचं नाव चांगलं ठेवलंय, पण ते आता फक्त लायसन्सवर उरलंय. बाकी सगळं गाव त्यांना खात्रीराव म्हणतं. न्हाव्याकडे गेले तर दोन आरसे मागतात, एक पुढून आणि एक मागून. घड्याळ घ्यायला गेले तर दुकानदाराला तीन घड्याळं एकदम लावायला सांगतात आणि तिथेच स्टूल ओढून बसतात, कुठलं पुढे जातंय ते बघायला. दुकानदार म्हणाला, "काका, जेवायची वेळ झाली." हे म्हणाले, "तुमच्या कुठल्या घड्याळात?"

माणूस जन्मतः असा नसतो हो. ह्यांना गेटने असं केलं. तरुणपणी ते केबलच्या कारखान्यात गेटवर होते. भोंगा झाला की कामगारांच्या पिशव्या, डबे, खिसे तपासायचे. तांब्याची तार बाहेर जाता कामा नये, एवढंच काम. पण तेव्हा माणूस मऊ होता. एका कामगाराचा पाय प्लास्टरमध्ये होता, कुबडी टेकत टेकत यायचा. आता पाय मोडलेल्या माणसाची झडती काय घ्यायची? खात्रीराव उलट त्याची कुबडी धरायचे, रिक्षात बसवून द्यायचे, ऊन असलं तर छत्री धरायचे. एक दिवस वरचे साहेब गेटवर उभे होते. त्यांनी विचारलं, "काय हो, काल ह्याचा डावा पाय मोडला होता ना?" प्लास्टर फोडलं तर आत तारेचं भेंडोळं. पाय दोन्ही धडधाकट. चोर तर गेलाच, पण छत्री धरणाऱ्याकडे सगळा कारखाना वर्षभर बघून हसला. त्या दिवसापासून खात्रीरावांनी जगातल्या कुठल्याच प्लास्टरवर विश्वास ठेवला नाही.

कारखाना सुटल्यावर त्यांनी भाड्याने फिरवायला एक मोटार घेतली. दवाखाना, स्टेशन, लग्नाचा हॉल, जिथे म्हणाल तिथे. पण संध्याकाळ झाली की समोरच्या दिव्यांनी त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. म्हणून रात्रपाळीला बसवला बारक्याला. बारक्या म्हणजे ह्यांचा मेव्हणा, आमच्या विहीणबाईंचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून येताना मान वाकवून आणि अंग तिरकं करून येतो. छापखान्यात कामाला होता, छापखाना बंद पडला. घरात बायको, दोन मुली. गाडीचं चाक हातात आलं म्हणून घर उभं राहिलं. एवढा आडदांड गडी, पण भाऊजींसमोर उभा राहिला की शाळेत फळा पुसायला बोलावलेल्या पोरासारखा दिसायचा.

पाण्याच्या टाकीखाली रोज सकाळ-संध्याकाळ गाडीची देवघेव चालायची. मी दोन-तीनदा मुद्दाम बघायला गेलोय, एवढी करमणूक फुकट कुठे मिळते? सकाळी बारक्या गाडी आणून उभी करायचा. इंजिन बंद झाल्याबरोबर, म्हणजे पंखा फिरायचा थांबत नाही तोवर खात्रीराव बोनेट उघडायचे. टायरला लाथ, सीटखाली हात, डिकीत डोकं. मग ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालायची, परत काढायची, डोळ्याजवळ न्यायची.

"ऑइल कमी आलंय."

"भाऊजी, मी तर..."

"मी काही म्हटलं का? मी म्हटलं, ऑइल कमी आलंय."

आणि चावी? चावीला जोड होती, पण ती खात्रीरावांच्या आतल्या खिशात सेफ्टी पिनेने टोचून ठेवलेली. बारक्याला रोज संध्याकाळी एक चावी हातावर मिळायची आणि सकाळी ती परत घेतली जायची. बारक्या रात्रभर लोकांच्या बायकापोरांना सुखरूप घरी पोचवायचा. पण दुसरी चावी त्याला द्यायची खात्रीरावांना कधी खात्री झाली नाही.

असं सुरळीत, म्हणजे त्यांच्या मानाने सुरळीत चाललं होतं. एक दिवस गाडीच्या पुढच्या पॅनेलवर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, लहानसा. गाडी चालत होती, ब्रेक लागत होते, सगळं ठीक. पण दिवा विझेना.

पहिला संशय कंपनीवर. "हा दिवा ठरावीक मुदतीला आपोआप लागतो," खात्रीराव मला सांगत होते, "म्हणजे आपण धावत त्यांच्या वर्कशॉपमध्ये जायचं. मला काय कळत नाही?" त्यांनी दिव्यावर चिकटपट्टी लावली. चार दिवस शांतता. मग एक नर्सबाई गाडीतून उतरताना म्हणाल्या, "काका, तुमच्या गाडीमागे निळा धूर येतोय." खात्रीरावांना वाटलं, बाईला भाडं कमी करून हवंय.

पण मन खायला लागलं. गेले कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने मशीन जोडलं आणि सांगितलं, सेन्सर बदला. बदलला. दिवा विझला, आठवड्यात परत लागला. मग तो म्हणाला, आख्खा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल. गाडीखाली सायलेन्सरच्या पाइपात एक फुगीर डबा असतो, इंजिनातून आलेला विषारी धूर त्यातून गाळून, जाळून साफ होऊन बाहेर पडतो, तो हा. खात्रीरावांनी विचारलं, "कशामुळे खराब झाला?" तर तो म्हणाला, "होतो."

बस्स. ह्या एका शब्दाने घात केला. ज्या माणसाने वर्षानुवर्षं गेटवर 'ही तार डब्यात कशी आली' असं विचारलं आणि 'आली' हे उत्तर कधी घेतलं नाही, त्याला कोणी 'होतो' म्हणून वाटेला लावेल?

त्यातच स्टँडवरच्या कोणा दीडशहाण्याने कानात फुंकलं की, कन्व्हर्टरच्या आत महाग धातू असतो, चोर तो आतला गाभा काढून विकतात आणि रिकामा डबा परत जोडून देतात. बाहेरून काही कळत नाही.

बाहेरून काही कळत नाही! प्लास्टर! खात्रीरावांच्या डोळ्यांसमोर प्लास्टर उभं राहिलं.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "व्याही, गाडी दोघांच्याच हातात असते. एक हात माझा. मग दुसरा कोणाचा?"

"अहो, पण बारक्या? तो तर मुंगी चावली तर मुंगीची माफी मागेल."

"तो तारवालाही कुबडीवरच यायचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ऑइल! पूर्वी रोज कमी यायचं. मी बोलायला लागलो. आता कधीकधी बरोबर येतं."

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलं? अहो, चोराला सुगावा लागलाय!"

झालं! ऑइल कमी आलं तर चोरी आणि पुरं आलं तर हुशार चोरी. मी आपला चहा पुढे केला. त्यांनी कपात डोकावून बघितलं आणि मग निकाल सांगितला, "ह्या दिव्याचं मूळ जर बारक्यापाशी निघालं, तर चाक त्याच्या हातातून काढणार. नातं-बितं नाही बघणार. तुम्ही पंच म्हणून बरोबर या. मी बोललो तर घरात आग लागेल."

आग लागलेलीच होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर विहीणबाई दारातच उभ्या. त्यांना सगळा सुगावा लागला होता.

"या व्याही. पंच म्हणून आलात ना? मग डोळे बरोबर ठेवा आणि कान घरी ठेवून या. ह्यांचं ऐकाल तर उद्या तुम्ही स्वतःच्या सावलीची झडती घ्याल."

"अगं, मी फक्त खात्री..." आतून आवाज आला.

"करा! करा खात्री! पण माझ्या भावाच्या पोरींच्या तोंडचा घास काढलात तर ह्या घरात मीही राहणार नाही, त्याचीही खात्री करून ठेवा."

आणि त्या आत गेल्या. भांडी अशी वाजली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

खात्रीरावांच्या डोक्यात बेत होता. आधी बारक्याच्या घरी सहज म्हणून जायचं. सहज! हा माणूस सहज जांभईसुद्धा देत नाही. बारक्याची दोन खोल्यांची जागा, दाराशी मुलींच्या सायकली, खिडकीत वाळत घातलेली दप्तरं. बारक्या झोपून उठला होता, आम्हाला बघून इतका गडबडला की गंजिफ्रॉक उलटा घालून आला. त्याच्या बायकोने चहा टाकला. गप्पा सुरू झाल्या, म्हणजे मीच बोलत होतो. खात्रीरावांचे डोळे खोलीभर फिरत होते. तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पायावर त्यांचा पाय पडला, नेमका माझ्या कुरुपावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भुवईने दाराकडे खूण केली.

दाराच्या मागे रेनकोट टांगलेला होता, आणि रेनकोटच्या खालून ऑइलचा कॅन डोकावत होता. पिवळा कॅन. खात्रीराव वापरतात त्याच कंपनीचा. बाजूच्या पारदर्शक पट्टीतून दिसत होतं, अर्धा रिकामा.

मी म्हटलं, योगायोग असेल. पण तेवढ्यात बारक्याच्या बायकोने आमची नजर पकडली. ती उठली, दारापाशी गेली, रेनकोट नीट केला आणि तिथेच उभी राहिली. साडीचा पदर असा धरला की कॅन दिसेनासा झाला. बारक्या जमिनीकडे बघत होता. त्याचा कान लाल झाला होता.

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही शंका आली. पंचाने असं म्हणू नये, पण त्या खोलीत चोरीचा वास सुटला होता. खाली उतरताना खात्रीराव पायऱ्या मोजत होते. जिना संपल्यावर म्हणाले, "ह्याच्याकडे ना स्कूटर, ना मोटारसायकल. ऑइल काय केसांना लावतो?" त्या संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली त्यांनी बारक्याच्या हातावर चावी ठेवलीच नाही. म्हणाले, "गाडी गॅरेजला नेतोय. मग बघू." बारक्या रिकामा हात पुढे करून तसाच उभा राहिला. मग तोच हात त्याने खिशात घातला, जणू खिशातच घालायचा होता.

गॅरेज टेस्टरताईचं. वडिलांनी काढलेलं, पोरीने वाढवलं. कमरेला फडकं, अंबाड्यात लाल मुठीचा टेस्टर खोचलेला आणि तोंड असं की गिऱ्हाईक बिल बघून नाही, बोलणी खाऊन घाबरतं. पण लोक जातात, कारण ती कारण सांगितल्याशिवाय पार्ट बदलत नाही.

"काका, ह्या दिव्यावर चिकटपट्टी कोणी लावली?"

"मी."

"मग आता डोळ्यांना पण लावा आणि गप्प बसा तिथे."

खात्रीराव बसले नाहीत. तिच्या खांद्याशी वाकून उभे. तिने स्कॅनर जोडला, स्क्रीनवर दोन रेघा आल्या. मला जवळ बोलावून म्हणाली, "आजोबा, हे बघा. कन्व्हर्टरच्या आधी एक सेन्सर, नंतर एक सेन्सर. चहा गाळायच्या आधी चाखणारा एक आणि गाळल्यावर चाखणारा एक, असं समजा. आधीच्याची रेघ वरखाली नाचायला हवी, कारण इंजिनातला धूर क्षणाक्षणाला बदलतो. नंतरच्याची रेघ शांत हवी. इथे दोघे हातात हात घालून नाचतायत. म्हणजे गाळणी काही गाळत नाहीये."

"गाळणी आहे का तिथे?" खात्रीराव एकदम बोलले. "की आतून काढून नेलीय?"

"कोणी?"

खात्रीरावांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

टेस्टरताईने गाडी उचलली. आधी पाइपाचे सगळे जोड तपासले, कुठून हवा आत जात असेल तर सेन्सर फसतो म्हणाली. जोड पक्के होते. मग रबरी हातोडीने त्या फुगीर डब्यावर ठकठक केलं, कान लावला. आतलं जाळीदार पोळं फुटलं असेल तर खुळखुळ्यासारखं वाजतं. वाजलं नाही. मग इंजिन चालू ठेवून डब्याच्या पुढच्या आणि मागच्या तोंडाची उष्णता मोजली. "काम करत असता तर मागचं तोंड जास्त तापलं असतं. हा थंड पडलाय." शेवटी इंजिन निवल्यावर सेन्सर काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला.

खात्रीराव नाक पुढे करून वाकले. स्क्रीनवर दिसलं ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, घर न घर जागेवर. पण सगळ्यावर राखाडी थर, चुलीच्या धुरांड्यात बसतो तसा.

"घ्या," टेस्टरताई म्हणाली. "कोणी काही नेलेलं नाही. माल जागेवर आहे."

मला वाटलं, चला, सुटला बारक्या. पण तिने स्पार्क प्लग काढला, तो काळा, तेलकट. बोटाने पुसून नाकाला लावला आणि म्हणाली, "काका, कन्व्हर्टर आपणहून मरत नाही. त्याला कोणीतरी मारतं. ह्याला ऑइल पाजून मारलंय. इंजिन ऑइल जाळतंय, त्याची राख इथे बसलीय. आज नवीन बसवला तर तोही मरेल. आधी मारणारा शोधू."

हे वाक्य तिने सहज टाकलं हो! पण खात्रीरावांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की पिवळा दिवा फिका पडावा. ऑइल! अर्धा कॅन! "उद्या सकाळी त्याला इथे बोलावतो," ते म्हणाले. "आणि आमच्या हिलाही. समोरासमोर होऊन जाऊ दे."

टेस्टरताई म्हणाली, "गाडी आज इथेच राहू दे. मला ती पूर्ण थंड हवीय."

गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात रात्रभर? खात्रीराव घरी गेले आणि आमच्या आता शाळकरी झालेल्या नातीची नखं रंगवायची गुलाबी बाटली घेऊन आले. बॅटरीवर एक ठिपका, रेडिएटरवर एक, चारी चाकांवर एकेक, स्टेपनीवर दोन. टेस्टरताई हाताची घडी घालून बघत होती.

"काका, माझ्या गालावर पण एक लावा. रात्रीत मला कोणी बदललं तर?"

सकाळी आम्ही सगळे जमलो. विहीणबाई भावाच्या बाजूला उभ्या, हातात पिशवी. त्या पिशवीकडे खात्रीराव सारखे बघत होते, कारण ती चांगली फुगलेली होती आणि त्यातून खात्रीरावांच्या कपड्यांची नाही, विहीणबाईंच्याच साडीची किनार दिसत होती. बारक्याने मुंडी खाली घातलेली. खात्रीरावांनी आधी सगळे गुलाबी ठिपके मोजून घेतले, मग घसा खाकरला.

"बारक्या, तुझ्या दारामागे ऑइलचा कॅन आहे. माझ्याच कंपनीचा. कशाला?"

बारक्या पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला.

"अरे बोल ना!" विहीणबाई त्याला कोपराने ढोसत म्हणाल्या. "तोंडात काय मूग... बोल!"

टेस्टरताईने मात्र कोणाकडे लक्ष दिलं नाही. ती बोनेट उघडून उभी होती. "काका, ऑइल तुम्ही कधी तपासता?"

"रोज. गाडी आली रे आली की."

"इंजिन बंद करून किती वेळाने?"

"वेळ कशाला देऊ? वेळ दिला की चोराला..." ते थांबले.

तिने पट्टी काढली, पुसली, परत घातली आणि बाहेर काढून आडवी धरली. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल दोन्हींच्या मध्ये असायला हवं. इथे वरच्या खुणेच्याही बोटभर वर पट्टी चकाकत होती. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो.

"काल संध्याकाळपासून गाडीला हात लागलेला नाही," टेस्टरताई म्हणाली. "सगळं ऑइल खाली उतरलंय, हे खरं माप. इंजिन नुकतंच बंद केलं की ऑइल वर अंगभर पसरलेलं असतं, पट्टीवर कमी दिसतं. त्यात तुम्ही ओतता. मग जास्त झालेल्या ऑइलचा आत घुसळून फेस होतो, तो हवेबरोबर ओढला जातो आणि जळतो. मग ते खरंच कमी होतं. मग तुम्ही परत ओतता. आता सांगा, ओततं कोण?"

"मी दुपारी स्टँडवर कपभर घालायचो," खात्रीराव म्हणाले. आवाज गेटवरच्या माणसाचा नव्हता, झडती देणाऱ्याचा होता. "मला बघायचं होतं, मी घातलेलं हा किती काढतो ते."

"आणि बाकीचं? एवढं एका कपाने होत नाही."

तेव्हा बारक्याने तोंड उघडलं. "मी पण घालायचो, ताई. पहाटे, टाकीपाशी यायच्या आधी. पट्टी बघायचो, भाऊजींनी शिकवलं तसंच, गाडी थांबली की लगेच. कमी दिसायचं. म्हणून मी माझ्या पैशाचा कॅन आणला. कमी आलं की भाऊजी बोलायचे ना..." मग जरा थांबून म्हणाला, "बोलायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, ऑइल कमी आलंय. चाक जाईल असं वाटायचं."

"आणि हे तू लपवलंस का रे?" विहीणबाईंनी विचारलं.

"ऑइल भरलं म्हटलं असतं तर भाऊजी म्हणाले असते, कमी झालं होतं म्हणूनच भरलंस ना?"

विहीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. खात्रीराव चाकावरचा गुलाबी ठिपका परत तपासायला वाकले. कारण ते नेमकं हेच म्हणाले असते. ते मलाही माहीत, त्यांनाही माहीत आणि टेस्टरताईलाही एका दिवसात कळलं होतं.

मला हसू आवरेना. म्हातारपणी हसू आवरत नाही तसंच पाणीही डोळ्यांत थांबत नाही. चोर पकडायला दोघांनी मिळून रात्रंदिवस ऑइल ओतलं आणि बिचारा कन्व्हर्टर मध्ये बुडून मेला! मी हसलो तशी टेस्टरताई हसली, मग बारक्याच्या पोटातून खदखद सुटली. खात्रीराव मात्र हसले नाहीत. ते त्या पट्टीकडे बघत होते.

टेस्टरताईने जास्तीचं ऑइल खालून परातीत काढलं, माप बरोबर केलं, प्लग बदलले. म्हणाली, "काही दिवस अशीच चालवा. धूर थांबला, ऑइल खाली जाईनासं झालं की मग नवीन कन्व्हर्टर बसवते. राख झालेला हा काही परत जिवंत होत नाही." मग बारक्याकडे वळून, "पट्टी सकाळी थंड गाडीची बघायची. ऐकलं का? आणि दोघांपैकी एकानेच ओतायचं."

"कोणी?" खात्रीरावांच्या तोंडून निघून गेलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मेकॅनिक आहे."

खात्रीराव गाडीला टेकून उभे राहिले. एकदा बारक्याकडे बघितलं, एकदा बायकोच्या पिशवीकडे. मग शर्टच्या आतल्या खिशात हात घातला. बराच वेळ खुडबुड चालली होती. सेफ्टी पीन इतक्या वर्षांत गंजून बसली होती, उघडेना. "आई गं!" ते ओरडले. बोटाला रक्ताचा थेंब. पण हात बाहेर आला तेव्हा त्यात दुसरी चावी होती.

"धर."

"भाऊजी, राहू दे. मी रोज संध्याकाळी तुमच्याकडूनच घेईन, त्यात काय."

"धर म्हणतो ना! टोचून घेतलंय मी. आणि ऑइल तू बघायचंस. सकाळी. मी बघणार नाही."

बारक्याने दोन्ही हातांनी चावी घेतली, एवढ्या मोठ्या हातांत ती दिसेनाशीच झाली. विहीणबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. "धरा हो व्याही, जड झालीय. घरी ठेवायचीय." आणि नवऱ्याचं बोट तोंडाने फुंकायला लागल्या, जणू काही हातच तुटलाय.

पुढे धूर थांबला. नवीन कन्व्हर्टर बसला. त्या दिवशी मी टाकीखाली हजर होतो. चावी फिरवली की पॅनेलवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. दिवा लागलाच नाही तर बल्ब गेलेला असू शकतो, हे टेस्टरताईने सांगून ठेवलं होतं. आता हे खात्रीरावांना सांगायचं का? पण सांगितलं.

बारक्या सीटवर बसला. खात्रीराव पाठ करून उभे राहिले, तोंड टाकीकडे.

"लागला का रे?"

"लागला, भाऊजी."

"आणि विझला?"

"विझला."

"बरं," खात्रीराव म्हणाले आणि वळलेही नाहीत. "मग जा. स्टेशनचं भाडं आहे, उशीर करू नकोस."

गाडी गेली. मी मनातून फार खूश झालो. घरी येऊन लेकीला फोनवर सांगितलं, तुझे सासरे सुधारले, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला! ती म्हणाली, "बाबा, ते कुठे उभे होते?"

"टाकीपाशी. टाकीच्या खोलीच्या खिडकीसमोर."

"खिडकीला काच आहे?"

आता काच आहे खरी, आणि त्या काचेत गाडी दिसते की नाही, ते मी बघितलेलं नाही. उद्या सकाळी फिरायला तिकडूनच जाणार आहे.